धडधडरावांच्या ताणदाराची नेमणूक

श्रीगणेशाला दंडवत, कुलस्वामिनीला दंडवत, आणि ज्या लोखंडाच्या पाठीवर बसून आमचं राज्य हिंडतं त्या लोखंडालाही दंडवत. ऐकणाऱ्यांचे कान शाबूत राहोत, सांगणाऱ्याची जीभ सरळ राहो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, नावाप्रमाणेच सगळ्या कामाला उशीर, भाद्रपद सरत आला, ते समयी एका राज्यात जे जाहले ते ऐसे. राज्याचं नाव सांगायची आज्ञा नाही, तरी खूण सांगतो. राजवाडा टेकडीवर. त्याच्या दरवाजातून रस्ता निघतो तो उतार उतार करत थेट ओढ्यावर येतो, ओढ्यावर फरशी, फरशीच्या मधोमध शेंदूर फासलेला दगड, तीच राज्याची सीमा, आणि पलीकडे लगेच घाट चढतो, आणि घाटाच्या माथ्यावर दुसरं राज्य. तिथे आमच्या महाराजांच्या मातोश्री आईसाहेबांच्या थोरल्या भगिनी अक्कासाहेब राज्य करतात. दोन्ही राज्यांत वैर नाही, पण बहिणीबहिणींत चालते तशी टोमण्यांची लढाई बारमाही चालू असते, आणि तीत तह होत नाही.

या राज्याच्या पागेत घोडा एकच, आणि तोही लोखंडाचा, म्हणजे लोक ज्याला मोटारसायकल म्हणतात तो. दरबारी नाव श्रीमंत धडधडराव. थोरल्या महाराजांनी आणला, आणि त्याचा आवाज असा की वाड्यात किक मारली की खाली ओढ्यावरच्या बाया हात थांबवून "निघाले" म्हणायच्या, आणि फरशीवरचं धुणं बाजूला घ्यायच्या, आणि वाट मोकळी व्हायची. आईसाहेब लग्न होऊन आल्या त्या ह्याच्याच पाठीवर बसून ओढा ओलांडून आल्या, आणि शालूचा काठ सायलेन्सरला लागून जळला, तो जळका शालू त्यांनी अजून कुणाला रफू करू दिलेला नाही. अशा ह्या धडधडरावांचे पागेदार म्हाळोजी ताकवणे. अंगानं आडवे, मिशीला ग्रीस, बोलण्यात ऐट आणि आत सगळं लोणी. सकाळी घोड्याच्या टाकीवर थाप मारून "उठलात का" असं विचारल्याशिवाय चहाचा कप तोंडाला लावत नसत. घरची मंडळी म्हणायची की आम्हाला कधी विचारलं नाही उठलात का, तर म्हाळोजी म्हणायचे, तुम्ही उठता ते ऐकू येतंच की.

आता दुःखाची गोष्ट थोडक्यात सांगतो आणि मोकळा होतो. मागच्या दसऱ्याला महाराज रिवाजाप्रमाणे आईसाहेबांना मागे बसवून सीमोल्लंघनाला निघाले, ओढा ओलांडला, आणि घाटात वडाच्या वळणावर धडधडरावांच्या पोटात काहीतरी फटाफटा वाजलं, आणि मग कडकन झालं, आणि मग काहीच झालं नाही. अक्कासाहेबांनी वरून बैलगाडी धाडली. गाडीत धडधडराव आडवे, शेजारी आईसाहेब उभ्या, आणि दारात ओवाळताना अक्कासाहेब बोलल्या, "अगं, घोड्यावर बसून यायचं असतं, घोड्याला घेऊन नव्हे." आईसाहेब ते वर्षभर विसरल्या नाहीत. मग दिवाण सखोपंतांनी मसलत मांडली की हा घोडा आता थकला, ह्याला वाड्याच्या दरवाजात चौथरा बांधून शोभेला उभा करावा, भोवती तुळशीच्या कुंड्या ठेवाव्यात, आणि विजेवर चालणारा नवा मुका घोडा आणावा. महाराज तरुण, मनानं हळवे, त्यांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणवेना. मग निवाडा दिला की येत्या दसऱ्याला धडधडराव कुणी न ढकलता, बैलगाडीविना, अक्कासाहेबांच्या दारात पोचले तर पागेत राहतील, नाहीतर चौथऱ्यावर. पंतांनी त्याच आठवड्यात चौथरा बांधायला घेतला. म्हाळोजींना येता जाता तो दिसायचा, आणि त्यावर पाणी मारणाऱ्या गवंड्याशी ते बोलेनासे झाले.

ज्यांना घोड्याच्या पोटातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. धडधडरावांच्या डाव्या कुशीत, झाकणाआड, तेलात बुडालेली एक साखळी असते. इंजिनाचं बळ क्लचकडे पोचवायचं काम तिचं. ती वापरून वापरून लांबते, सैल पडते आणि आतल्या आत झाकणाला चापट्या मारू लागते, म्हणून तिच्या खाली एक वाकडी पट्टी बसवतात, ती साखळीला खालून उचलून धरते. तिलाच आमच्या दरबारी ताणदार म्हणतात. फौजदार फौज सांभाळतो, ताणदार ताण सांभाळतो. फार सैल नको आणि फार घट्ट नको, एवढीच त्याची नोकरी. धडधडरावांचा जुना ताणदार झिजून झिजून चमच्यासारखा झाला होता, आणि तिथेच सगळं बिघडलं होतं. मग म्हाळोजींनी नवी साखळी चढवली आणि दरबारात अर्ज केला की साखळी नवी आहे, आता तिच्यावर भरवशाचा ताणदार नेमावा, तोवर घोडा पागेबाहेर काढणार नाही.

मग सौदागर नूरभाई दरबारात आले. नूरभाई म्हणजे घोड्यांचे सुटे भाग विकणारा माणूस, पण अदब अशी की नट दाखवतानाही मखमलीवर ठेवून दाखवायचे. त्यांनी तीन ताणदार मांडले. महाराज सिंहासनावरून उतरून खाली मांडी घालून बसले, कारण तिथून नीट दिसेना. पहिला काळाभोर, रबरी, चकचकीत. म्हाळोजींनी त्यावर नख दाबलं तर नख आत गेलं. "हा तेलात चार महिने राहिला तर भज्यासारखा फुगेल," असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला, आणि नूरभाई म्हणाले, "मीही हेच म्हणणार होतो, पण तीन नसले तर दरबाराला निवडल्यासारखं वाटत नाही." दुसरा मोठा देखणा. पोटात स्प्रिंग, स्प्रिंगला दातेरी पट्टी, आणि साखळी जराशी सैल पडली की हा आपला आपण एक दात वर चढतो आणि तिला ताणतो. पाना नको, पेचकस नको, माणूस नको. तिसरा दिसायला अगदी गबाळा. एक पट्टी, एक आट्यांचा खिळा, त्यावर आवळायला एक नट. पाना घेऊन हातानं फिरवाल तेवढाच चढणार, तेवढाच उतरणार, आणि बाकी वेळ गप्प बसणार.

सखोपंतांना दुसरा फार आवडला. म्हणाले, "हा आपोआप ताणदार उत्तम. पागेदाराचं निम्मं काम वाचलं." म्हाळोजींना हे ऐकून राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्यांनाही तोच भावला होता, आणि त्याला कारणही होतं. राज्याचा रिवाज असा की खंडेनवमीला सकाळी सगळी हत्यारं पूजेला मांडायची, आणि मांडलेलं हत्यार महाराजांनी दसऱ्याला सीमा ओलांडेपर्यंत कोणी कामासाठी उचलायचं नाही. तलवारी राज्यात नावालाच, त्यामुळे पूजेला बसतात ते पाने, पेचकस, हातोड्या आणि पकडी. म्हाळोजी बोलले, "महाराज, ऐन सणात साखळी सैल पडली तर मी पाना उचलणार कसा? आपोआपवाल्याला पानाच लागत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आईसाहेब पडद्याआड बसायच्या, पण पडदा त्यांनी कधीच दोरीला गुंडाळून टाकला होता, त्या म्हणाल्या, "नूरभाई, हा आपणहून ताणतो ते कळलं. सोडतो कधी?" नूरभाईंनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आईसाहेब, खोटं बोलणार नाही. सोडायचं त्याला कोणी शिकवलेलं नाही." आईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे आमच्या अक्कासारखा." दरबार हसला, आणि हसण्याच्या भरात आपोआप ताणदाराची नेमणूक जाहली. तरी नूरभाईंनी जाताना गबाळा ताणदार म्हाळोजींच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा असू द्या पागेत. पाहुणा समजा."

मग आपोआप ताणदार कुशीत बसला, आणि म्हाळोजींनी किक मारली, आणि धडधडराव असे बोलले की वाड्याच्या कौलांवरची कबुतरं उठली. पोटात फटफट नाही, चापट नाही, नुसती धड धड धड धड, पखवाजावर कुणी तालेवार बसल्यासारखी. महाराज टेकडीला फेरी मारून आले आणि उतरून म्हाळोजींना मिठी मारली, आणि वाड्यात जिलेबी वाटली, आणि म्हाळोजींनी एक जिलेबी गवंड्यालाही नेऊन दिली, आता हरला आहे बिचारा म्हणून. पण दुसऱ्या फेरीला, घोडा चांगला तापल्यावर, डाव्या कुशीतून एक बारीक कुंई येऊ लागली. महाराज म्हणाले, "म्हाळोजी, हे काय वाजतंय?" म्हाळोजी म्हणाले, "आनंदात शीळ घालतोय, महाराज." चौथ्या पाचव्या दिवशी ती शीळ एवढी वाढली की वाड्यातली मांजरं पागेकडे फिरकेनाशी झाली, आणि डाव्या कुशीला हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. मग म्हाळोजींनी झाकण उघडलं. साखळी अशी ताठ की बोटानं छेडली तर तुणतुण्यासारखी वाजली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की घोडा गार असताना साखळी किंचित सैल असते, तेव्हा हा गडी एक दात चढतो. मग घोडा तापतो, त्याचं अंग फुगतं, साखळी आपोआपच घट्ट होते, तेव्हा ह्यानं तो दात परत द्यायचा, तर हा देत नाही. रोज एक दात चढायचा आणि बसून राहायचं. असं चाललं तर साखळी पलीकडच्या बेअरिंगला ओढून ओढून खाणार, आणि बेअरिंग गेलं की घोडा गेला. म्हाळोजी झाकणापुढे उकिडवे बसून त्या ताणदाराला म्हणाले, "अरे, थोडं तरी सोडायचं माणसानं." आणि त्याला बडतर्फ केलं.

आता झालं असं की हे सगळं होईतो नवरात्र बसलं. गबाळ्या ताणदाराला बोलावणं गेलं आणि म्हाळोजींनी त्याला कुशीत बसवला, पण त्याचा ताण लावायचं काम उद्यावर टाकलं, कारण मधे हौस आडवी आली. धडधडरावांच्या टाकीला चिंच लावून पितळी पट्ट्या घासल्या, आरे एकेक करून पुसले, मग पाने उजळले, मग पकडी उजळल्या, मग झेंडूच्या माळा स्वतः ओवल्या, एक माळ हँडलला, एक दिव्याला, आणि एक लहानशी सायलेन्सरला, ती लगेच करपली. आणि खंडेनवमीच्या सकाळी गुरुजी पाट मांडून शंख फुंकायला लागले तेव्हा म्हाळोजींना आठवलं की ताण लावायचा राहिला. धावत गेले, झाकण उघडलं, साखळी जिथे थांबली होती तिथेच बोट लावून पाहिलं, पाना फिरवला, नट आवळला, झाकण बसवलं, आणि पळत येऊन पाना पाटावर ठेवला, तोच गुरुजींनी हळद टाकली. "अगदी वेळेवर," म्हाळोजी म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

दसऱ्याची सकाळ उजाडली. दारात रांगोळी, ढोलताशे, लोक नव्या टोप्या घालून आलेले, आपट्याची पानं टोपल्यांत, आणि पूजेची हत्यारं पालखीत मांडून तयार, हळदीकुंकू लावलेले पाने ओळीनं निजलेले. आईसाहेब नऊवारी नेसून आणि डोळ्याला काळा चष्मा लावून आल्या. म्हाळोजींनी किक मारली. धड धड धड कुंई. धड धड धड कुंई. ढोल एवढा जोरात होता की ते कोणालाच ऐकू गेलं नाही. म्हाळोजींना ऐकू गेलं.  साखळी सगळीकडे सारखी नसते, तिच्यात एखादी जागा घट्ट असते, म्हणून इंजिन हळूहळू फिरवत ती घट्ट जागा हुडकायची आणि तिथे ताण लावायचा, हे ते स्वतः दहा जणांना शिकवत आले होते, आणि शंखाच्या घाईत नेमकं तेच विसरले होते. सैल जागेवर आवळलं होतं. घट्ट जागा फिरून वर आली की साखळी बेअरिंगला ओढत होती. पाना चार हातांवर होता, पालखीत, डोक्यावर अक्षता घेऊन. आणि म्हाळोजींच्या मनात आलं की गप्प बसावं. घट्ट साखळी आजच्या आज तुटत नाही. घोडा घाट चढेल, अक्कासाहेबांच्या दारात पोचेल, पैज जिंकेल, चौथरा रिकामा राहील. फक्त बेअरिंग खाऊन जिंकेल, आणि मग दिवाळीपर्यंत कधीतरी पागेतच कायमचा बसेल. त्यांनी टाकीवर हात ठेवला. टाकी थरथरत होती, रोजच्यासारखीच, विश्वासानं. म्हाळोजींनी चावी बंद केली.

ढोल हळूहळू थांबले. म्हाळोजी महाराजांपुढे गेले, पगडी काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "महाराज, चढवू नका. ताण चुकीचा लागलाय. माझ्या हातानं. आज पोचेल, पण आतून फाटून पोचेल. त्यापेक्षा चौथऱ्यावर उभा राहिलेला बरा, निदान धड तरी असेल."  सखोपंत घसा साफ करून म्हणाले, "तर मग ठरल्याप्रमाणे. चौथरा कालच सारवून घेतलाय, कुंड्याही आल्यात."  मग आईसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "म्हाळोजी, तो बंद असताना दुखतं का त्याला?" "नाही आईसाहेब. इंजिन बंद तर साखळी बंद. न्यूट्रलला चाकं नुसती फिरतात." "आणि पाना कधी उचलायचा?" "महाराजांनी सीमा ओलांडली की." "आणि इथून सीमेपर्यंत रस्ता कसा आहे?" म्हाळोजींनी वळून दरवाजाबाहेर पाहिलं आणि हळूच म्हणाले, "उतार आहे, आईसाहेब. सगळा उतार." पंत मधे पडले, "पण हे चालणं नव्हे. हे घरंगळणं झालं. घरंगळत गेलेला घोडा धरायचा का?" आईसाहेब म्हणाल्या, "सखोपंत, तुमचे वडील दिवाण होते, म्हणून तुम्ही दिवाण झालात. तुम्ही त्या गादीवर चालत आलात का घरंगळत?" ह्यावर पंतांनी कुंड्यांकडे बघितलं.

मग महाराज स्वार जाहले, आणि आईसाहेब मागे बसल्या, आणि कुणी ढकललं नाही, नुसता ब्रेक सोडला. धडधडराव आपल्या जन्मात पहिल्यांदा गुपचूप निघाले. आधी मुंगीसारखे, मग सशासारखे, आणि मग वाऱ्याला सुद्धा मागे वळून बघावं लागलं असे. मागून पालखी, ढोलवाले, म्हाळोजी, गुरुजी, नूरभाई, सगळे धोतरं आणि पायजमे सावरत पळत सुटले. वाटेत एक म्हातारे ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी डोकं वर करेस्तोवर राजा गेला होता. पण ह्या गुपचूप जाण्यात एक घात होता तो महाराजांना खाली वळणावर दिसला. विलंबी संवत्सर, त्यात ज्या बायांच्या गोधड्या घटस्थापनेच्या आधी धुवायच्या राहिल्या होत्या त्या आज धूत होत्या, आणि धडधड ऐकू आली नाही म्हणून फरशीभर गोधड्या पसरलेल्या, लाल, हिरव्या, ठिगळांच्या, सीमेच्या दगडापर्यंत. ब्रेक दाबावा तर पुढे फरशीचा किंचित चढ, थांबलं की संपलं. हॉर्न तर चावीविना वाजत नाही, आणि चावी मागून पळणाऱ्या म्हाळोजींच्या खिशात. "बाजूला व्हा," महाराज ओरडले, पण पाण्याच्या आणि धोपटण्याच्या आवाजात कोण ऐकतं. तेव्हा आईसाहेबांनी मागून, मोकळ्या गळ्यानं, साऱ्या रयतेसमोर, तोंडानं सुरू केलं: "धड धड धड धड धड." आणि मागून पळणाऱ्या म्हाळोजींनी ते उचललं, आणि ढोलवाल्यांनी, आणि गुरुजींनी, आणि अख्खी टेकडी तोंडानं धडधडू लागली. खाली ओढ्यावर एका बाईचा हात थांबला. सवयीनं ती म्हणाली, "निघाले," आणि सवयीनंच सगळ्यांनी भराभर गोधड्या उचलल्या, आणि वाट मोकळी जाहली.

धडधडराव फरशीवर आले. चढानं वेग खाल्ला. पुढचं चाक दगडाच्या रेषेपाशी आलं आणि तिथे विचार करू लागलं. महाराजांना पाय टेकायची मुभा नाही, मागच्यांना हात लावायची मुभा नाही. मग आईसाहेबांनी मुलाच्या पाठीत कोपर मारलं, "सरक की पुढं," आणि महाराज टाकीवर कोसळले, आणि त्या हिसक्यानं चाक हललं, आणि पुढचं गेलं, आणि मागचंही गेलं. पंत धापा टाकत पोचले आणि म्हणाले, ढकललं. गुरुजी त्यांच्याहून जास्त धापा टाकत म्हणाले, वर बसलेलं माणूस म्हणजे ओझं, ओझं ढकलत नसतं, आणि सीमोल्लंघन जाहलं. तेवढं बोलून गुरुजी गोधड्यांच्या ढिगावर बसले.

तोवर म्हाळोजींनी पालखीतून पाना उचलला होता. त्यावरची हळद पुसली नाही. कुशीचं झाकण उघडलं, एका हातानं किकचा दांडा हळूहळू दाबत गेले, दुसऱ्या हाताचं बोट साखळीवर, डोळे मिटलेले. सैल, सैल, सैल, आणि ही बघा. "सापडली," ते म्हणाले. तिथेच थांबून खिळा उतरवला, एवढासा, मग बोटानं साखळी उचलून बघितली तर जरा उठली आणि आज्ञाधारकपणे खाली बसली. आईसाहेबांनीही पदर खोचून बोट घातलं, बोट काळं करून घेतलं आणि म्हणाल्या, "हां. आता श्वास घेतोय." नट आवळला. पिवळे आणि लाल ठसे नटावर राहिले. मग महाराज म्हणाले, "म्हाळोजी, सीमा ओलांडायचा मान माझा, तो मी घेतला. घाट तुमचा." म्हाळोजींनी नको नको म्हणेपर्यंत हँडल त्यांच्या हातात होतं, आणि आईसाहेब मागून म्हणत होत्या, "बघत काय बसलात, अक्का वाट बघत असेल, आणि तिला वाट बघायला लावणं मला आवडतं, पण फार नाही."

किक मारली. धड धड धड धड. म्हाळोजींनी कान टवकारले. कुंई नव्हती. घाट सुरू झाला, घोडा तापला, पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि वडाचं वळण आलं. आईसाहेबांनी म्हाळोजींचा खांदा धरला.  म्हाळोजी डाव्या कुशीला गुडघा लावून होते, तिथे काही ओढतंय का, काही वाजतंय का. धड धड धड धड, वडाच्या पारंब्या हलल्या, एक खार पळाली, आणि वळण मागे गेलं. म्हाळोजी एवढे हसले की मिशीतलं ग्रीस वाऱ्यानं गालावर आलं. मागून आईसाहेब म्हणाल्या, "आता जरा जोरात घ्या," आणि म्हाळोजींनी घेतलं.

माथ्यावर अक्कासाहेब आरती घेऊन उभ्या होत्या, आणि शेजारी बैलगाडी जुंपून तयार, बैलांची शिंगं रंगवलेली, गाडीत गवत अंथरलेलं, घोड्याला टोचू नये म्हणून. त्यांनी धडधडरावांना येताना बघितलं, आणि तबक हातातच राहिलं. आईसाहेब उतरल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अक्का, गाडी कुणासाठी गं?" अक्कासाहेब म्हणाल्या, "बैलांना फिरवायला आणली होती." मग त्यांनी आधी धडधडरावांना ओवाळलं, मग बहिणीला, आणि तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवताना तिचं काळं झालेलं बोट बघितलं आणि आपल्या पदरानं पुसलं. ते पुसलं गेलं नाही. मग महाराज, नूरभाई, पंत असे सगळे घाट चढून घामाघूम पोचले, आणि पंतांनी म्हाळोजींना सोनं दिलं आणि म्हणाले, "ताकवणे, आवाज चांगला आहे हो घोड्याचा. मी कधी लक्ष देऊन ऐकलाच नव्हता." म्हाळोजी म्हणाले, "पंत, एक फेरी मारा." पंत म्हणाले, "मला भीती वाटते." आणि हे त्यांनी दिवाणगिरीत पहिल्यांदा खरं सांगितलं, असं नूरभाईंचं मत.

संध्याकाळी परत निघायची वेळ झाली तेव्हा अक्कासाहेब न विचारता धडधडरावांच्या मागच्या बैठकीवर जाऊन बसल्या. आईसाहेबांना म्हणाल्या, तुझ्या वरातीत मी ह्याच्यामागं चालत आले होते, आज बसते. खाली उतरायला त्या तयार होईनात, आणि थोरल्या बहिणीला उतर म्हणणार कोण. मग म्हाळोजींनी किक मारली, खाली ओढ्यावर कुणीतरी "निघाले" म्हणालं, आणि पाठोपाठ रंगवलेल्या शिंगांच्या बैलगाडीत, मऊ गवतावर बसून, आईसाहेब घाट उतरल्या, आणि सबंध वाटेत गाडीवानाला सांगत होत्या की जरा दमानं, तिला माझ्याआधी पोचू दे, माझ्या घरी पाहुणी आहे ती.

येणेप्रमाणे धडधडरावांची पागा कायम जाहली आणि गबाळा ताणदार नोकरीवर कायम जाहला. दर पंधरवड्याला म्हाळोजी झाकण उघडून, इंजिन हळूहळू फिरवून, घट्ट जागा हुडकून त्याची खबर घेतात, आणि हे काम कोणावर सोपवत नाहीत. आपोआप ताणदार चौथऱ्यावर बसवला आहे, भोवती तुळशीच्या कुंड्या आहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो मोठा देखणा दिसतो. बखर येथे पुरी जाहली, तेल संपलं, हात पुसले, वाचणाऱ्यानं निघताना आपापल्या घोड्याला उठलात का म्हणून विचारावं.